पाच आणि सातचं शेजारपण

आमच्या जुन्या गाडीच्या स्पार्क प्लगची शेवटची वायर बसवली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी दिवा बोनेटखाली धरून नुसती बघत उभी राहिले. डाव्या बाजूला चार वायर, उजव्या बाजूला चार, आणि डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या भागाच्या, मधोमध कॉइलची (ती ठिणगीसाठी व्होल्ट चढवते) एक. व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, कडेनं चारही जणी एकमेकींना धरून समांतर निघालेल्या, मधलं अंतर कुठं कमी नाही की जास्त नाही, आणि जिचा प्लग आला ती तिथं अलगद खाली वळलेली. लहानपणी आई आमच्या घट्ट वेण्या घालायची, एक केस बाहेर नाही, तशा त्या दिसत होत्या. मी फोटो काढून पुण्याला बहिणीला पाठवला.

पाच दिवसांनी त्या सगळ्या वायर मी काढल्या आणि परत लावल्या. तो सगळा प्रकार लिहून ठेवतेय, कारण जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या आपल्या लोकांना तो उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो आणि गाडी दोन हिवाळ्यांपूर्वी घेतली. इंजिन ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट, चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर. शेव्हरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' हे घराणं १९५५ साली २६५ घन इंचांपासून सुरू झालं आणि ३५० पहिल्यांदा १९६७ च्या कमॅरोत आलं. ब्लॉकच्या पुढच्या भागात उजव्या हाताला एक सपाट पट्टी असते, तिच्यावरचा शिक्का घासून साफ केला तर सुरुवातीला 'व्ही' निघाला. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना. आमच्या घरापासून गाडीनं तासाभराचं अंतर. माहेराजवळच नांदतेय म्हणायची.

मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, तीही सातारा-कराड भागात तारांवर. आणि घरी त्यांची सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती, १०८९ सीसीची. तिचं प्रत्येक काम ते स्वतः करायचे आणि टॉर्च धरायला मी. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात तो, एक-तीन-चार-दोन, मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ होता. त्यामुळे बाबांनी शेव्हेलचं बोनेट उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला, "हिचा ऑर्डर काय?"

"एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन."

"बाप रे," म्हणाले, आणि मनातल्या मनात घोकत राहिले.

गाडी दमट सकाळी मिसिंग मारत होती, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटत नव्हता. सेल्फ लागला की दोन-तीन मिनिटं धडधडायची, गरम झाली की शहाणी. पद्मिनीचंही पावसाळ्यात असंच व्हायचं, म्हणून बाबांचा पहिला संशय वायरींवर. त्यांनी सांगितलेली परीक्षा आम्ही रात्री केली. गॅरेजचं दार पूर्ण उघडं (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करू नका, धुराचा विषारी वायू कळायच्या आत घात करतो), सगळे दिवे बंद, इंजिन चालू, आणि झाडांवर मारायच्या फवाऱ्यातून पाण्याचं अगदी बारीक धुकं वायरींवर. अंधारात निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या. एक तीन नंबरच्या वायरीतून ब्रॅकेटवर उडत होती, एक आठ नंबरच्या बुटातून (वायरीच्या टोकावरच्या रबरी टोपणातून) थेट इंजिनाच्या हेडवर. बाबा हात मागे बांधून वाकून बघत होते. चालत्या इंजिनाच्या प्लग वायरीला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी मला आठव्या वर्षी घालून दिला होता, एकदा स्वतः झटका खाऊन झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरनं एकेक वायर मोजली. या वायरींमध्ये तांबं नसतं, कार्बन चोपडलेल्या काचतंतूंचा गाभा असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून मुद्दाम रोध ठेवलेला असतो, फुटाला काही हजार ओहम. सहा वायरी साधारण त्याच हिशेबात होत्या, एकीचा आकडा दुप्पट, आणि सहा नंबरच्या वायरीत तर मीटर काहीच दाखवेना. आत तुटलेली. प्लग काढताना कुणीतरी कधीतरी बूट न धरता वायर धरून ओढली असणार. बूट धरायचा, अर्धा वळसा द्यायचा, मग ओढायचा. तो गाभा फार नाजूक असतो.

नवा संच मागवला. ८ मिलिमीटर जाडीच्या, सिलिकॉनच्या. प्लगकडची टोकं तयार, डिस्ट्रिब्युटरकडची टोकं आपण मापानं कापून बसवायची. तयार मापाचा संचही मिळतो, पण त्यात कुठली तरी वायर हातभर जास्त निघते आणि मग ती कुठं तरी गुंडाळून ठेवावी लागते. मला ते नको होतं.

मापं घ्यायची युक्ती बाबांची. त्यांनी सुतळीचा गुंडा आणला. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपपासून प्लगपर्यंत वायर ज्या वाटेनं जाणार त्याच वाटेनं सुतळी न्यायची, वळणं धरून, ताणायची नाही, आणि कापायची. मग तिला तेवढ्या गाठी मारायच्या: एक नंबरला एक गाठ, आठ नंबरला आठ. आठ सुतळ्या टेबलावर ओळीनं पडल्या तेव्हा कुठली वायर किती लांब हे एका नजरेत कळलं. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे एक आणि दोन नंबरच्या सगळ्यांत लांब, सात-आठच्या आखूड. प्रत्येक मापाला दोन बोटं वाढवली. बूट काढताना वायरीला ताण बसू नये एवढीच ढील, लोंबण्याइतकी नाही.

वाट कुठली द्यायची याचा मी बराच विचार केला. त्या काळी कारखान्यातून निघताना बऱ्याच स्मॉल ब्लॉकच्या वायरी इंजिनाच्या मागून खाली उतरायच्या, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या) खालून पुढं यायच्या आणि खालून प्लगला भिडायच्या. वरून इंजिन स्वच्छ दिसतं, पण खाली ती वाट धगीतून जाते, तिला ब्रॅकेट आणि उष्णतेची कवचं लागतात. आमच्या गाडीतली अर्धी ब्रॅकेटं आधीच्या कुणीतरी फेकून दिली होती. मी वरची वाट घेतली: व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेनं, खाचांच्या पट्ट्यांत बसवून. मूळ रूपाच्या बाबतीत काटेकोर असलेल्यांना हे पटणार नाही. मला मात्र रस्त्यावर चालवायची गाडी हवी होती, आणि वरची वायर बदलायला पाच मिनिटं पुरतात.

टोकं बसवणं हे खरं कौशल्याचं काम. अर्धा इंच आवरण सोलायचं, पण गाभ्याला पातं लागता कामा नये. मग गाभा मागं दुमडून आवरणावर झोपवायचा, त्यावर पितळी टोक चढवायचं आणि त्याच्याच पकडीनं दाबायचं. टोकाचा आणि गाभ्याचा नीट स्पर्श झाला नाही तर आत बारीक ठिणगी पडत राहते आणि वर्षभरात टोक जळतं. बूट आधी वायरीवर चढवून ठेवायचा, नाहीतर टोक दाबल्यावर लक्षात येतं की बूट टेबलावरच राहिला. माझा दोनदा राहिला. बुटाच्या आत सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे रबर पोर्सेलिनला चिकटत नाही आणि ओल आत शिरत नाही. प्रत्येक वायर झाली की मीटरवर धरायची. बाबा आकडा वहीत लिहायचे, समोर सही करायचे. खात्याची सवय.

मग त्या बसवल्या. एक नंबरचा प्लग काढून छिद्रावर बोट ठेवलं, बाबांनी पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं, हवा बोटाला ढकलायला लागली, पुलीवरची खूण शून्यावर आणली. डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा रोटर ज्या टोकाकडं बघत होता ते एक नंबरचं. तिथून घड्याळाच्या दिशेनं एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. डावीकडच्या पट्टीत खालून वर सात, पाच, तीन, एक, कारण मागून पुढं जाताना आधी सात नंबर खाली वळते, मग पाच, मग तीन, शेवटी एक. कुठलीच वायर दुसरीला ओलांडत नाही. साडेअकराला काम संपलं. सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. अशी मऊ चालली की बाबांनी एअर क्लीनरवर पाण्याचा पेला ठेवून बघितला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही आय-९६ महामार्गावर निघालो. महामार्गावर चढायच्या रॅम्पवर मी पाय दाबला आणि इंजिनातून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. दोन सेकंद. वेग धरल्यावर बंद.

बाबा म्हणाले, "ठोकतेय."

मला आधी ऐकूच आलं नव्हतं, मी रस्त्याकडे बघत होते. परतीच्या रॅम्पवर त्यांनी काच खाली करायला लावली. आला. त्यांच्या कानाला तो आवाज पक्का ओळखीचा, कारण पद्मिनीत कधी रॉकेल मिसळलेलं पेट्रोल आलं की खंबाटकी घाट चढताना ती असाच आवाज करायची आणि ते गिअर खाली घेऊन तिला सांभाळत वर न्यायचे. "पण इथं पेट्रोलमध्ये तसलं काही नसणार," ते म्हणाले. "काहीतरी वेळेच्या आधी पेटतंय."

घरी आल्यावर ठिणगीची वेळ तपासायचा टायमिंग लाइट लावला. खूण होती तिथंच होती. पेट्रोल नेहमीचंच, ९३ ऑक्टेन. मग प्लग काढले. सात प्लग सारखे, फिकट तपकिरी, छान. सात नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मात्र मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके. ते ठोक्याचं लक्षण. फक्त एकाच सिलिंडरमध्ये, आणि वायरी बदलल्यापासून.

बाबा स्टुलावर बसले होते. म्हणाले, "पाढा म्हण."

"एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन."

"आता कोण कुठं बसलंय ते सांग."

डावीकडे विषम, उजवीकडे सम. मी फळ्यावर काढलं. पुढून मागं डावीकडे एक, तीन, पाच, सात. उजवीकडे दोन, चार, सहा, आठ. एकनंतर आठ पेटतो, तो पलीकडच्या रांगेत. आठनंतर चार, त्याच रांगेत, पण मध्ये सहा आहे. चारनंतर तीन पलीकडे, तीननंतर सहा पलीकडे, सहानंतर पाच पलीकडे. मग पाचनंतर सात. एकाच रांगेत, खेटून शेजारी, एकामागून एक. आठातली ही एकच जोडी अशी. आणि मी त्या दोघींच्या वायरी चार बोटांच्या अंतरानंही नाही, एका खाचेच्या अंतरानं फूटभर समांतर नेल्या होत्या.

"क्रॉसटॉक," बाबा म्हणाले.

हा शब्द मी लहानपणी शंभरदा ऐकलेला. खांबांवरून उघड्या तारा जायच्या त्या काळी, दोन जोड्या मैलच्या मैल शेजारून धावल्या की एका जोडीवरचं बोलणं दुसरीवर पुसट ऐकू यायचं. तारा कुठं चिकटलेल्या नसायच्या. नुसत्या शेजारपणानं एकीतला बदलता प्रवाह दुसरीत थोडासा उतरायचा. त्यावर उपाय म्हणून ठरावीक खांबांवर तारांच्या जागा आपापसांत बदलायच्या, म्हणजे एका टप्प्यात उतरलेलं पुढच्या टप्प्यात उलट उतरतं आणि खोडलं जातं. बाबांनी अशा कितीतरी खांबांवर चढून तारा अदलाबदल केल्या होत्या.

प्लग वायरीत तर काही हजार व्होल्ट क्षणात चढतात आणि कोसळतात. पाच नंबरला ठिणगी पडते तेव्हा सातचा पिस्टन नेमका ९० अंश मागे असतो, म्हणजे दाबाच्या फेरीच्या मध्यावर. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत आलेलं, पण दाब अजून कमी. दाब कमी असला की ठिणगी उडायला थोडेच व्होल्ट पुरतात. पाचच्या वायरीतून सातच्या वायरीत उतरलेला तो थोडासा भाग तिथं पुरेसा ठरतो, सात नंबर वेळेच्या कितीतरी आधी पेटतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर जाळ उलटा दाबतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर या दोघांत अंतर फक्त एका सेकंदाचा दोनशेवा भाग. असं बराच काळ चाललं तर पिस्टन फुटू शकतो. आरामात चालताना काही होत नाही. पाय दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, पाचची ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि शेजारी उतरणारा वाटाही वाढतो. म्हणून आवाज फक्त रॅम्पवर. शिवाय मागच्या हिवाळ्यात मी सीबी पॉइंट (ठिणगीच्या वेळी वीज तोडणारा जुना यांत्रिक खटका) काढून इलेक्ट्रॉनिक पिकअप आणि जोरदार कॉइल बसवली होती, तिनं यात भर घातली असणार. बाबांना तो बदल तेव्हा फोनवर सांगितला तर ते म्हणाले होते, पॉइंट रस्त्यात काडेपेटीच्या कडेनं घासून साफ करता येतो, तुझ्या त्या डबीचं काय करशील?

पद्मिनीत हे कधी का जाणवलं नाही, असं मी विचारलं. तिच्या चारच वायरी, आखूड, कॅपपासून पंख्यासारख्या फाकत जाणाऱ्या. शेजारून धावायला त्यांना जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठून आम्ही डावी बाजू मोकळी केली. बाबांचं म्हणणं, दोघींना दोन टोकांना टाक. पट्टीत सगळ्यांत खाली सात, तिच्यावर तीन, मग एक, आणि सगळ्यांत वर पाच. म्हणजे सात आणि पाचच्या मध्ये दोन वायरींची भिंत. पण आता पाच नंबरला खाली उतरताना एक आणि तीनला ओलांडावं लागणार. बाबांनी तिथं हात धरून दाखवलं: ओलांडायचं तर काटकोनात, सरळ, एका ठिकाणी. तिरपं ओलांडलं की दोघी बराच वेळ जवळ राहतात. काटकोनात गेल्या तर जवळीक एका बिंदूपुरती. मी पाचच्या वळणाला एक वेगळी पकड लावली आणि ती वायर तिथून नव्वद अंशात खाली सोडली.

खरी अडचण कॅपपाशी आली. तिथं टोकं फायरिंग ऑर्डरप्रमाणेच बसलेली असतात, त्यामुळे पाच आणि सात शेजारशेजारूनच बाहेर पडणार, त्याला इलाज नाही. मग कॅपपासून दीड इंचावरच त्यांची फारकत केली. सातला लगेच मागे वळवून हेडच्या मागच्या कोपऱ्याकडे नेलं, पाचला वर उचललं. सातची सुतळी पुन्हा मोजावी लागली, जुनी वायर दोन इंच आखूड पडत होती. सुदैवानं संचात कॉइलची जादा वायर होती, तिची सात नंबर केली. सगळ्या बुटांपासून मॅनिफोल्डचं अंतर दोन बोटं आहे ना ते बघितलं. सातच्या बुटावर काचतंतूंची बाही चढवली, कारण ती आता थोडी खालून जाते. वायरी घट्ट आवळायला प्लास्टिकचे पट्टे वापरले नाहीत. आवळलं की आवरण दबतं, आणि जिथं दबतं तिथं वीज वाट शोधते.

उजवी बाजू तशीच ठेवली. तिथं लागोपाठ पेटणारे शेजारी कुणी नाहीत. त्यामुळे आता समोरून बघितलं तर दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. उजवीकडे वेणी आहे, डावीकडे पाच नंबर मध्येच सगळ्यांवरून उडी मारून खाली जाते. बहिणीला नवा फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "आधीचा छान होता गं."

बाबांनी तो मेसेज वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "तिला सांग, आधीचा बोलत होता मधल्यामध्ये."

रात्री पुन्हा दिवे बंद करून पाण्याचं धुकं मारलं. नऊच्या नऊ वायरी काळ्याकुट्ट, एकही ठिणगी नाही. मग आय-९६ चा तोच रॅम्प, त्याच वेगानं, काच खाली. पहिल्यांदा मी श्वास रोखून धरला होता म्हणून परत जाऊन दुसऱ्यांदा घेतला, आणि मग बाबांच्या आग्रहावरून तिसऱ्यांदा. खडे वाजले नाहीत. शंभर मैल चालवल्यावर सातचा प्लग काढला, साफ केलेल्या पोर्सेलिनवर नवा ठिपका नव्हता.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची फेरी निघते, १९९५ पासून. यंदा तिथं बाबांना घेऊन जायचंय, बोनेट उघडून उभं राहायचंय. आठ सुतळ्या त्यांनी गाठींसकट एका पाकिटात घालून ठेवल्यात. सातची जुनी कापून टाकली आणि नवीन, दोन इंच लांब, तिच्या जागी घातली. पाकिटावर गाडीचं नाव, तारीख आणि सही. आता त्यांना उजवीकडून, मागच्या बाजूनं, थंड इंजिनावर एक हलकी टिकटिक ऐकू येते. मला येत नाही. त्यांच्या मते आठ नंबरचा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग. रविवारी व्हॉल्व्ह कव्हर काढणार आहोत.